वाढ थांबल्यावरही पेशी विभागत का राहतात?

एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अकरावीला आहे, नीटची तयारी करतेय. पेशीविभाजनाची कामं म्हणून वाढ, झीज भरून काढणं आणि प्रजनन ही तीन उत्तरं तिची पाठ आहेत. तिला अडलंय वेगळ्याच ठिकाणी. अठरा-विसाव्या वर्षी उंची थांबते, मग त्यानंतर विभाजनाचं एवढं काम काय उरतं? आणि मेंदू-हृदयाच्या पेशी विभागत नाहीत म्हणतात, तर ते अवयव ऐंशी वर्षं टिकतात कसे?

मुलीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी नागपुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. दिवसाचा बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून जातो आणि खाली कोणाच्या तरी रक्ताची नाहीतर बायोप्सीची स्लाइड असते. त्यामुळे उत्तर पुस्तकातल्या धड्याच्या क्रमानं न देता आमच्याकडे येणाऱ्या रिपोर्टांच्या आधारानं देतो. वाढीचं काम मी पटकन संपवतो, कारण ते सोपं आहे. एका फलित पेशीपासून प्रौढ शरीरातल्या साधारण 30 लाख कोटी पेशींपर्यंत पोचायला गणिताप्रमाणे फक्त 45 वेळा दुप्पट व्हावं लागतं. प्रत्यक्षात वाटेत कितीतरी पेशी मरतात, काही थांबतात, काही वेगळ्या दिशेनं जातात. पण तेवढ्या दुपटींतून माणूस उभा राहतो हे खरं. खरा राबता त्यानंतर सुरू होतो.

रक्ताचाच हिशेब घ्या. तो तिला वहीवर करता येईल. मोठ्या माणसात साधारण 5 लिटर रक्त, एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे 50 लाख लाल पेशी. म्हणजे एकूण 25 लाख कोटी. एक लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. भागाकार केला की रोजच्या सुमारे 20 हजार कोटी पेशी येतात. सेकंदाला 20 लाखांहून जास्त. तेवढ्या रोज मरतात आणि तेवढ्याच रोज तयार होतात, म्हणून सीबीसीच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन महिनोन् महिने 13-14 च्या आसपास दिसतं. मे महिन्यात आपल्याकडे कूलरच्या टाकीतली पातळी दिवसभर तशीच दिसते, पण बॉल व्हॉल्व्हमधून पाणी येतच असतं आणि खसच्या पडद्यांतून उडतच असतं. रक्ताचं तसंच आहे.

यात एक मजा आहे. लाल पेशीला स्वतःला केंद्रकच नसतं. ती विभागूच शकत नाही. विभाजन होतं ते अस्थिमज्जेत, आम्ही बोलताना मॅरोच म्हणतो, तिथल्या तिच्या पूर्वज पेशींचं. एका मोठ्या निळसर पूर्वज पेशीची तीन-चार विभाजनं होतात, आठ-सोळा पेशी तयार होतात, मग त्या केंद्रक बाहेर टाकतात आणि रक्तात उतरतात. विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार, इतका आहे की हे गणित आम्हाला पुस्तकापेक्षा पेशंटकडूनच जास्त समजतं.

सिकलसेलच्या पेशंटची लाल पेशी 120 दिवसांऐवजी दहा ते वीस दिवसांत फुटते. मागणी वाढली, म्हणून त्याचा मॅरो नेहमीच्या कित्येक पटींनी राबत असतो. एवढं करून हिमोग्लोबिन 7-8 वर कसंबसं टिकतं. आता अशा मुलाला पार्व्हो बी19 नावाचा विषाणू गाठतो. लहान मुलांत एरवी हा साधा ताप आणि गालावर लाली एवढ्यावर जातो. पण हा विषाणू नेमका विभागणाऱ्या लाल पूर्वज पेशींत शिरतो आणि आठवडाभर उत्पादन बंद पाडतो. सुदृढ माणसात आठ दिवस उत्पादन थांबलं तर 120 पैकी आठ दिवसांचा माल कमी पडला. 14 चं 13 होईल, त्याला कळणारही नाही. सिकलसेलच्या मुलात पंधरा दिवसांच्या साठ्यातले आठ दिवस गेले. 8 चं 4 होतं. धाप लागलेलं, पांढरंफटक पोर घेऊन आई-बाप येतात आणि रिपोर्टात रेटिक काउंट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशींचं प्रमाण, जवळजवळ शून्य. रक्त चढवलं, आठवडाभर निभावलं की मॅरो पुन्हा सुरू होतो. वाढ संपल्यावर विभाजनाचं काम काय, या प्रश्नाला याहून चोख उत्तर मला ठाऊक नाही: ते आठ दिवस थांबवून बघा, म्हणजे कळतं.

याच मुलांच्या आया नेहमी विचारतात, "रक्त तर चढवलंच ना जी, मग ही पिवळी गोळी काहून रोज?" ती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. विभाजनाआधी पेशीला आपल्या सगळ्या डीएनएची दुसरी प्रत काढावी लागते आणि त्या कामाला फॉलिक अ‍ॅसिड आणि बी12 दोन्ही लागतात. मॅरो जितका जास्त राबेल तितकं फॉलिक जास्त संपणार. रक्त चढवल्यानं आजची तूट भरते. उद्याचं उत्पादन चालू ठेवायला कच्चा माल द्यावाच लागतो.

बी12 कमी पडलं तर काय होतं ते मला स्लाइडवर दाखवायला फार आवडतं. आपल्याकडे कडक शाकाहारी घरांतून असे रिपोर्ट नेहमी निघतात. पेशी आकारानं वाढते, तिच्यात हिमोग्लोबिनही भरतं, पण डीएनएची प्रत पूर्ण होत नाही म्हणून विभाजनाची वेळ टळत राहते. जी दोन व्हायला हवी होती ती एकच थोराड पेशी बाहेर येते. रिपोर्टात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, 80 ते 100 च्या जागी 110-115 दिसतं. बाजूच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे तीन-चार ऐवजी पाच-सहा तुकडे दिसतात. पेशंटची जीभ गुळगुळीत लाल झालेली असते, तिखट लागलं की झोंबतं. रक्त आणि जिभेचा काय संबंध, असं पेशंटला वाटतं. संबंध एवढाच की दोन्हीकडे पेशी झपाट्यानं बदलतात, म्हणून टंचाई तिथे आधी जाणवते.

शरीरात कुठे विभाजन जोरात चालतं याची यादी पाठ करायची गरज नाही. कळलावीचं विष ती यादी आपोआप सांगतं. पावसाळ्यात आपल्याकडच्या जंगलात, कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येणारी ही वेल. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारे जे धागे पेशीत तयार होतात, ते कोल्चिसीन तयारच होऊ देत नाही. पेशी मध्यावर अडकून पडते. कोणी हा कंद खाल्ला तर पहिल्या दिवशी उलट्या आणि जुलाब, कारण आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं. त्यानंतरच्या दिवसांत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात. त्यातून वाचलाच, तर दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात. आतडं, मॅरो, केसांची मुळं. कॅन्सरच्या केमोथेरपीचे त्रास हेच का असतात, ते इथेच उलगडतं. केमोची बरीच औषधं ट्यूमर ओळखत नाहीत. विभागणारी पेशी ओळखतात. डोस दिल्यावर पांढऱ्या पेशींचा काउंट त्याच दिवशी पडत नाही, आठवडा-दोन आठवड्यांनी तळाला जातो, कारण मॅरोतला तयार साठा तोवर पुरतो. काउंट तळाला असताना ताप आला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. हे मी विषय सोडून सांगतोय, पण सांगायलाच हवं.

अंगणातल्या सदाफुलीतूनही व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं मिळतात आणि त्यांचाही घाला त्याच धाग्यांवर असतो. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात, अगदी मोजून, शिरेतून. हे वाचून कोणी सदाफुलीची पानं चावायला लागू नये. शुगरसाठी म्हणून चावणारे आहेतच, त्यांना मी थांबवत आलोय.

आता तिच्या प्रश्नाच्या पोटातला न विचारलेला प्रश्न: विभाजन एवढं गरजेचं, तर जास्त झालं तर बिघडलं कुठे? इथे पुस्तकातल्या एका ओळीनं भागत नाही.

पन्नीत घोटलेला खर्रा गालफडात दाबून ठेवणाऱ्या माणसाच्या गालाची बायोप्सी आमच्याकडे येते. निरोगी गालाच्या अस्तरात विभाजन फक्त सगळ्यात खालच्या थरात चालतं. तिथे जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, चपटी होते आणि काही दिवसांत लाळेबरोबर निघून जाते. वर चढणारी पेशी विभागत नाही, असा तिथला नियम. सुपारी, तंबाखू आणि चुन्यानं त्या जागी रोज इजा होते, म्हणून खालचा थर भरपाईसाठी पुन्हा पुन्हा विभागतो. प्रत्येक वेळी सुमारे 640 कोटी अक्षरांची डीएनए-प्रत काढायची आणि तीही तंबाखूतल्या नायट्रोसमाइन्स या कर्करोगकारक रसायनांच्या माऱ्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2004 साली तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली आहे, हे खर्ऱ्याऐवजी ‘साधी सुपारी’ खाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

स्लाइडवर बिघाडाची पहिली खूण असते ती विभागणाऱ्या पेशीची जागा. ती खालच्या थरात दिसायला हवी, ती मधल्या थरात दिसते, मग आणखी वर. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हखाली अशी पेशी ओळखता येते: केंद्रकाची कडा नाहीशी झालेली, गुणसूत्रं गडद निळ्या-जांभळ्या पट्टीसारखी मधोमध ओळीत, पट्टीच्या कडेला बारीक केसाळपणा. नवे रेसिडेंट इथे हमखास फसतात, कारण मरणाऱ्या पेशीचं केंद्रकही असंच आकसून गडद होतं. पण त्याची कडा गुळगुळीत असते आणि भोवतीचा भाग जास्त गुलाबी. पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये तीन टोकांना ओढली जाणारी गुणसूत्रं दिसतात. दोन पेशी करायच्या तिथे तीन करायचा तो खटाटोप. त्यातून निघणाऱ्या कुठल्याच पेशीकडे गुणसूत्रांचा पूर्ण संच नसतो. स्तनाच्या कॅन्सरची ग्रेड ठरवतानाही आम्ही अशा विभागणाऱ्या पेशी प्रत्यक्ष मोजतो. रिपोर्टातला केआय-67 चा टक्का हेही याच वेगाचं माप. किती पेशी या क्षणी विभाजनाच्या चक्रात आहेत, ते तो आकडा सांगतो.

म्हणून मला विचाराल तर बहुपेशीय जीवात विभाजन करता येणं ही फारशी मोठी गोष्ट नाही. ते जिवाणूलाही येतं. मोठी गोष्ट आहे कधी करायचं आणि कुठे थांबायचं. पेशी पुढचं पाऊल टाकण्याआधी ठरावीक टप्प्यांवर तपासणी होते: डीएनएची प्रत पूर्ण झाली का, कुठे तुटलंय का, प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंचे धागे लागले का. पी53 नावाचं प्रथिन बिघाड दिसला की विभाजन रोखतं, दुरुस्त होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त वेळा बिघडलेलं सापडतं ते याच प्रथिनाचं जनुक. हे चक्र चालवणारी यंत्रणा उलगडल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना 2001 चं नोबेल मिळालं. नीटसाठी सायक्लिन, म्हणजे हे चक्र पुढे नेणारी प्रथिनं, पाठ करताना तिला हे माहीत असलेलं बरं, नाहीतर ती नुसती नावं राहतात.

जिवाणूंचं काम झटपट. तिथे ना केंद्रक, ना ओढणारे धागे. डीएनएची प्रत निघाली की मधून भिंत उभी राहते. एकपेशीय जीवात विभाजन म्हणजेच नवा जीव. लघवीच्या संसर्गातला ई. कोलाय चांगलं खाद्य मिळालं की वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून कल्चरमध्ये तो दुसऱ्या दिवशीच दिसतो. टीबीच्या जिवाणूला एकदा विभागायला 15 ते 20 तास लागतात. म्हणून त्याच्या कल्चरला आठवडे लागतात. महिनोन् महिने गोळ्या खाव्या लागतात त्यामागेही हा संथपणा हे एक मोठं कारण आहे. बरीच औषधं वाढत्या जिवाणूवर चालतात आणि हा बराच वेळ निपचित पडून असतो.

प्रजननाकडे येऊ. त्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली आपल्या संत्र्याच्या बागेत सापडते. काटोल-वरूडकडे पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. सालीखालच्या पेशी विभागून जोड भरून काढतात, डोळा फुटतो आणि झाड होतं. त्यात कुठेही नर-मादीचा संबंध आला नाही, फक्त सूत्री विभाजन, ज्यात दोन्ही पेशींना सारखीच गुणसूत्रं मिळतात. म्हणून फळ हुबेहूब मातृवृक्षासारखं. खालचा खुंट तर बीपासून वाढवलेला, मग तो तरी वेगळा असेल? तोही बहुतेक वेळा नाही. लिंबूवर्गीय बीमधून एकापेक्षा जास्त रोपं येतात आणि त्यातली बरीचशी बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून, सूत्री विभाजनानं झालेली असतात. म्हणजे बाग खालून-वरून एकाच छापाची. विक्रीला हे उत्तम. पण खोडातून डिंक ओघळणारा डिंक्या रोग आला की झाडं एकसारखीच बळी पडतात, कारण कोणाकडे वेगळं काही नसतंच.

ते वेगळेपण येतं दुसऱ्या तऱ्हेतून, अंडपेशी आणि शुक्रपेशी घडवणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनातून. आई-बापाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, जोड्या यदृच्छेनं वाटल्या जातात, 46 ची 23 होतात. याची किंमतही आहे. मुलीच्या अंडपेशींत हे विभाजन ती आईच्या पोटात असतानाच सुरू होतं आणि पहिल्याच टप्प्यावर थांबतं. ती अंडपेशी पुढे ज्या महिन्यात बाहेर पडेल तेव्हा ते पुढे सरकतं. पंधरा वर्षांनी किंवा चाळीस वर्षांनी. इतका काळ गुणसूत्रं जोडून धरणारं बंधन सैल पडत जातं आणि वाटणी चुकते. 21 वं गुणसूत्र एक जास्त आलं की डाउन सिंड्रोम. विशीत साधारण हजार-बाराशे बाळंतपणांमागे एक, पस्तिशीत साडेतीनशेमागे एक, चाळिशीत शंभरामागे एक. तपासायला करिओटाइप, म्हणजे गुणसूत्रं मोजून बघायची तपासणी, करतो, तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत साधारण तीन दिवस वाढवून मुद्दाम विभागायला लावतो आणि कोल्चिसीनच्या जातीतलंच औषध घालून त्यांना मध्यावर अडकवतो. गुणसूत्रं मोजता येतात ती नेमकी त्या क्षणी, एरवी नाही. माणसाची गुणसूत्रं 48 आहेत असंच 1956 पर्यंत शिकवलं जायचं, हे मुलीला सांगा. तिला गंमत वाटेल.

राहिले मेंदू आणि हृदय. ‘विभागत नाहीत’ हे वाक्य जवळजवळ खरं आहे. 1950-60 च्या दशकांतल्या उघड्यावरच्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढलं आणि 1963 च्या करारानंतर ते उतरत गेलं. पेशीच्या डीएनएत ते किती आहे यावरून ती केव्हा जन्मली ते ठरवता येतं. स्वीडनमधल्या योनास फ्रिझेन यांच्या गटानं 2009 साली याच युक्तीनं दाखवलं की हृदयाच्या स्नायुपेशी पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का बदलतात आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून हार्ट अटॅकमध्ये मेलेला भाग स्नायूनं भरून निघत नाही, तिथे व्रण राहतो. मेंदूच्या बहुतेक चेतापेशींचं वय तुमच्या वयाएवढंच. मग टिकतात कशा? पेशी तीच राहते, आतला माल बदलतो. प्रथिनं, पटलं, ऊर्जेची केंद्रं सतत मोडून नवी केली जातात. शिवाय चेतापेशी दुभंगायची म्हटलं तर तिच्या हजारो जोडण्यांचं काय करायचं? शिकलेलं सगळं त्या जोडण्यांत असतं. न विभागण्याचा फायदाही दिसतो. हृदयाच्या स्नायूचा कॅन्सर अतिशय विरळा, आणि मोठ्या माणसांतले मेंदूचे ट्यूमर बहुतेक वेळा चेतापेशींचे नसून आधार देणाऱ्या पेशींचे, आवरणांचे नाहीतर दुसरीकडून आलेले असतात. यकृत या दोन्हींच्या मध्ये बसतं: एरवी गप्प, पण दोन-तृतीयांश कापलं तरी काही आठवड्यांत पुन्हा जवळपास मूळ आकाराला येतं. दारूनं त्याला वर्षानुवर्षं भरपाई करायला लावली तर मात्र व्रण आणि गाठी तयार होतात, त्यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळांची स्लाइड तिला करायला मिळेलच. मूळ एक-दोन सेंटिमीटरचं असतानाच घ्या, सकाळच्या वेळी, आणि फक्त टोकाचे दोन-तीन मिलिमीटर वापरा. वरच्या भागात पेशी नुसत्या लांबतात, विभागत नाहीत. असिटोकार्मिन या रंगात थोडं गरम करून काच सरळ दाबायची, सरकवायची नाही. बहुतेक पेशी ‘काहीच न करणाऱ्या’ दिसतील. त्या सोडून देऊ नये, त्याही मोजाव्यात. प्रत्यक्ष दोन होण्याला पूर्ण चक्राच्या तुलनेत थोडाच वेळ लागतो आणि त्या गप्प दिसणाऱ्या पेशींपैकी कितीतरी त्या वेळी डीएनएची प्रत काढत असतात.